डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला नव्हे? मग ठरवलं कोणी?

निमूट_नाही
काल एका महाभागाने इथे लिहिलं: "'आय अ‍ॅम डिसइंटरेस्टेड इन पॉलिटिक्स' असं लिहिणाऱ्याला नोकरीवर ठेवू नये. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्ष, अनइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला. मूळ अर्थाची पार वाट लावली लोकांनी." खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. रात्रभर डोक्यात भुणभुण चालू होती, म्हणून हा धागा.

फरक मलाही मान्य आहे. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा, अनइंटरेस्टेड नको. पहिल्याचं कोणाकडून काही येणं नसतं, दुसरा साक्ष चालू असताना पेंगतो. पण ते "मूळ अर्थ" प्रकरण साफ चूक आहे. सतराव्या शतकात डिसइंटरेस्टेड पहिल्यांदा 'रस नसलेला' या अर्थानेच भेटतो. १६३१ साली वारलेल्या कवी जॉन डनच्या लेखनात तो तसाच आहे. आणि तेव्हा निःपक्ष माणसाला चक्क अनइंटरेस्टेड म्हणत! पुढच्या शतकात दोघांनी खुर्च्या बदलल्या. म्हणजे तुम्ही ज्याला चूक म्हणता, तो माहेरी परतलेला अर्थ आहे.

वेलांटी_पोलीस
महाभाग मीच. नाव घ्यायला जीभ अडखळली वाटतं. सतराव्या शतकात जळवा लावून रक्तही काढायचे, तेही सुरू करू या का? डिसइंटरेस्टेडला 'कंटाळलेला' करून टाकलंत, तर निःपक्षपणाचं काम अनइंटरेस्टेड करणार आहे का आज? नाही. मग एका अर्थाला दोन शब्द आणि दुसऱ्याला एकही नाही. हा कुठला हिशोब?

निवृत्त_टंकलेखिका
अहो, भांडू नका, माझं ऐका. नोकरीचा पहिला महिना. दोन भागीदारांच्या वादाचा मसुदा, लवाद म्हणून "अ डिसइंटरेस्टेड पर्सन" नेमावा, असं साहेबांनी सांगितलं. मला वाटलं, साहेबांची जीभ घसरली असणार. आपण हुशार! डिस म्हणजे काहीतरी वाईट, म्हणून मी अनइंटरेस्टेड टंकलं. कागद समोरच्या वकिलाकडे गेला आणि त्यांचा फोन आला, "झोपणारा लवाद आमच्याकडेही आहे, पाठवू का?" साहेब ओरडले नाहीत. त्या शब्दाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला आणि पान माझ्या मशीनच्या रोलरवर ठेवून निघून गेले. तीन कार्बन लावून अख्खं पान पुन्हा!

सगळी गोम 'इंटरेस्ट'मध्ये आहे. त्याचा एक अर्थ रस, दुसरा हितसंबंध. रस नाही तो अन, हितसंबंध नाही तो डिस. एवढं कळायला मला एक लाल गोल लागला.

काडीपेटी
ताईंशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). पण पोलीससाहेब, लोकांना अर्थ शिकवून काही होत नसतं. इन्फ्लेमेबल घ्या. अर्थ 'पेट घेणारं', पण सुरुवातीचा 'इन' नकारार्थी वाटून लोक 'न पेटणारं' समजतील ही भीती. म्हणून अमेरिकेतल्या आगप्रतिबंधक संघटनेने १९२० च्या दशकात 'फ्लेमेबल' वापरा म्हणून धोशा लावला. शिकवणी घेत बसले नाहीत, शब्द बदलला.

संस्कृताळलेला
अवांतर: इंग्रजांना कशाला हसता? आपला 'उदासीन' बघा. उद् अधिक आसीन, म्हणजे वर, बाजूला बसलेला. कौटिल्याकडे उदासीन हा झगड्यापासून अलिप्त असलेला बलाढ्य राजा. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताचा गुण आहे. आणि आज? "यंत्रणा उदासीन"! मुलीच्या प्रगतिपुस्तकात शेरा आला, "अभ्यासाबाबत उदासीन." मी सही करून खाली लिहिलं, "आभारी आहे." दुसऱ्या दिवशी भेटायला बोलावलं.

घुबड
उदासीन म्हणजे उदासच ना? तोंड पाडून बसलेला?

संस्कृताळलेला
नाही!! दहा वेळा नाही. याच एका गैरसमजापायी माझे केस पिकले.

वेलांटी_पोलीस
बघा, उदासीनचंही वाटोळं केलंच लोकांनी. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

निमूट_नाही
मागच्या महिन्यात तुम्हीच लिहिलं होतंत, "शुद्धलेखनाबाबत समाज उदासीन आहे." म्हणजे समाज स्थितप्रज्ञ झाला का हो?

वेलांटी_पोलीस
माझे जुने प्रतिसाद उकरायला वेळ आहे, शब्दकोश उघडायला नाही. ठीक, वापरला मी नव्या अर्थाने. पण मराठीत 'तटस्थ' शिल्लक होता, म्हणून नुकसान झालं नाही.

काडीपेटी
मग इंग्रजीत इम्पार्शल आहे की शिल्लक! मिटलं.

निवृत्त_टंकलेखिका
नाही मिटलं, बाळा. इम्पार्शल म्हणजे निवाडा करताना झुकत नाही तो. डिसइंटरेस्टेड म्हणजे कोणीही जिंकलं तरी ज्याच्या खिशात काही पडणार नाही तो. स्वतःचा भाचा वादात असूनही एखादा सरळ निकाल देईल, तो इम्पार्शल. पण त्याला डिसइंटरेस्टेड म्हणता येणार नाही, आणि मसुद्यात नेमकं तेच लिहायचं असतं.

निमूट_नाही
हं. हे पटलं. पोलीससाहेबांनी नोकऱ्या खाण्याऐवजी एवढं लिहिलं असतं तर माझी झोप वाचली असती.

वेलांटी_पोलीस
नोकरीचं वाक्य मागे घेतो. पगारवाढीचं बघू.

संस्कृताळलेला
उदासीन आणि उदास यावर वेगळा धागा काढतोय. घुबडाने आधी तो वाचावा, मग तोंड उघडावं.

घुबड
मी त्या धाग्याबाबत डिसइंटरेस्टेड आहे. जॉन डनच्या अर्थाने.