सांगलीचं नगर वाचनालय: तुमच्या आठवणी लिहा

आपलं नगर वाचनालय 1869 चं. कृष्णेवरचा आयर्विन पूल 1929 चा, म्हणजे वाचनालय त्याहून 60 वर्षांनी थोरलं. दीडशे वर्षं पुरी झाली त्याच 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई आत आली. तिथे ज्यांचं बालपण, नोकरीचा अभ्यास, म्हातारपण गेलं, त्यांनी लिहावं. चार ओळी असल्या तरी चालतील.

गावभागातून
आमच्या घरी वर्गणी आजीच्या नावावर. तिला बाहेर पडता येईना, म्हणून पुस्तकं मी बदलून आणायचे. देवघेवीच्या टेबलावरच्या काकांना तिची आवड पाठ होती. "हे आजींचं वाचून झालंय, हे ने," म्हणायचे. दिवाळी अंकांसाठी मात्र सगळ्यांना सारखंच थांबावं लागे.

विश्रामबागहून
मी पूर ओसरल्यावर मदतीला गेलो होतो. 2005 ला आयर्विनपाशी पाणी पावणेचोपन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. आमच्या घरासकट सगळ्यांनी तीच खूण धरून सामान वर चढवलेलं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं.

भिजलेलं पुस्तक फुगतं हे ठाऊक होतं, पण गच्च भरलेल्या कपाटात ते इतकं आवळून बसतं की हाताने निघत नाही, हे तिथे कळलं. ओढलं तर पुठ्ठा हातात येतो, पानं आतच राहतात. चकचकीत कागदाची चित्रांची पुस्तकं सगळ्यात आधी गेली, पानाला पान चिकटून वीट झाली. साध्या जाड कागदाच्या जुन्या पुस्तकांना आशा होती. एकेक पान सोडवून पंख्याखाली धरलं की निदान वाचण्याजोगी राहायची. पण बुरशी दोन-तीन दिवसांत धरते, आणि पाणी उतरेपर्यंतच तेवढे दिवस गेलेले. एका पुस्तकावर फक्त दाखल क्रमांक वाचता येत होता, नाव गेलं होतं. ते मला टाकवेना.

मिरजेहून
मी तिथे पेपर वाचायला जायचो. पंखा, उजेड, शांतता. खोलीवर यातलं काही नव्हतं.

माधवनगरहून
आईची पुस्तकं वाचनालयाला द्यायची ठरवलीत. तिने यादी स्वतः केलीय, पाठकोऱ्या कागदांवर, आणि वर लाल शाईने लिहिलंय: खालच्या मजल्यावर ठेवू नयेत.