टँग नॅनो ९के वर स्पेक्ट्रम ४८के: ब्लॉक रॅम पुरत नाही, बॉर्डरचे पट्टे सरकतात

सातरस्ता:
नमस्कार. सोलापुरात कॉलेजच्या लॅबमध्ये दाखवण्यासाठी टँग नॅनो ९के (एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपण ठरवतो अशा चिपचा छोटा बोर्ड) वर १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के हा घरगुती संगणक करतोय. प्रोसेसरला टी८० कोअर (मूळ झेड८० प्रोसेसरची तयार नक्कल). ब्लॉक रॅम (चिपमधलीच मेमरी) कमी पडते म्हणून डिझाइन चिपमध्ये बसवणारं टूल थांबतं. रॅम घटवली की एचडीएमआयवर चित्र येतं, पण जे बॉर्डरचे (चित्राभोवतीच्या चौकटीचे) पट्टे जागच्या जागी हवेत ते सरकत राहतात, बीपही किंचित खालच्या सुरात येतो. घड्याळ २७ मेगाहर्ट्झला ८ ने भागून घेतलंय. ४० कळांचा मूळ पद्धतीचा कीबोर्ड जोडताना काय जपायचं?

होटगीरोड:
आधी रॅमचा हिशोब. चिपमध्ये १८ किलोबिटचे २६ ब्लॉक आहेत. ८ बिट रुंदीला प्रत्येकातून २ केबीच मिळतात, म्हणजे एकूण ५२ केबी. ४८के रॅमला २४ ब्लॉक, १६के रॉमला ८. झाले ३२. बसणारच नाही. रॉम चिपमधल्या यूझर फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी, ६०८ किलोबिट) हलवता येतो, पण ती ३२ बिटांत वाचली जाते आणि तिचं टायमिंग वेगळं सांभाळावं लागतं. सुरुवातीला १६के मॉडेलच करा: रॅम ८, रॉम ८, उरलेल्यात व्हिडिओचा लाइन बफर (चित्राची एक ओळ साठवायची जागा) आरामात मावतो. ४८के च हवा असेल तर टँग नॅनो २०के बोर्ड घ्या. त्यात ४६ ब्लॉक आहेत.

कंबरतलाव:
पट्टे आणि बीप, दोन्हींचं मूळ एकच. २७ भागिले ८ म्हणजे ३.३७५ मेगाहर्ट्झ, हवेत ३.५. स्पेक्ट्रमची फ्रेम ६९,८८८ टी-स्टेट्सची (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांची), तुमच्याकडे ती सुमारे २०.७ मिलिसेकंद घेते. एचडीएमआयची फ्रेम २० ची. मग पट्टे सरकणारच.

भागाकाराने वेगळं घड्याळ बनवू नका. सगळं २७ वरच चालवा आणि क्लॉक एनेबल द्या, म्हणजे कोणत्या ठोक्याला काम करायचं ते सांगणारा सिग्नल. एक अ‍ॅक्युम्युलेटर (बेरीज साठवणारा रजिस्टर) ठेवा: दर ठोक्याला ७ मिळवा, बेरीज २७ किंवा जास्त झाली की २७ वजा करून पिक्सेल एनेबल सोडा. सरासरी नेमकी ७ मेगाहर्ट्झ. त्यातला एकाआड एक टी८० ला.

७२० बाय ५७६, ५० हर्ट्झ मोडमध्ये आडवे ८६४ ठोके असतात. दोन ओळींचे १७२८, म्हणजे ६४ मायक्रोसेकंद; स्पेक्ट्रमच्या एका ओळीचे २२४ टी-स्टेट्स तेवढेच! किती सुंदर जुळतं हे. फक्त उभ्या एकूण ओळी ६२५ ऐवजी ६२४ करा, कारण स्पेक्ट्रमच्या ३१२ आहेत. बहुतेक मॉनिटर ५०.०८ हर्ट्झ निमूट घेतात.

ड्युअल पोर्ट रॅममुळे (दोन बाजूंनी एकाच वेळी वाचता येणारी) व्हिडिओ आणि प्रोसेसर भांडत नाहीत, पण पत्ता १६३८४ ते ३२७६७ साठी मूळ मशीनसारखा ६,५,४,३,२,१,०,० टी-स्टेट्सचा विलंब मुद्दाम घालावा लागतो. तो नसला तर बॉर्डरवर नेमक्या क्षणी रंग बदलणारे गेम बिघडतात.

होटगीरोड:
कीबोर्ड: ८ ओळी, ५ स्तंभ. स्तंभांना ३.३ व्होल्टला १० किलोओहमचे पुल-अप (कळ दाबलेली नसताना स्तंभ १ वर ठेवणारे रेझिस्टर). ओळींचे पिन शून्य किंवा हाय-इम्पिडन्स (जणू जोडलेलेच नाहीत असे), एवढेच. कधीही १ देऊ नका. नाहीतर एकाच स्तंभातल्या दोन कळा दाबल्या की १ आणि ० समोरासमोर येऊन पिन जळू शकतो. पुश-पुलच (० आणि १ दोन्ही देणारा पिन) ठेवायचं असेल तर प्रत्येक ओळीला १एन४१४८ डायोड, मूळ मशीनसारखा. पुण्याला कुणी जाणार असेल तर तपकीर गल्लीत मिळतात. बोर्डाच्या काही पिनांची बँक (एकाच व्होल्टेजवर चालणारा पिनांचा गट) १.८ व्होल्टची आहे, त्या कीबोर्डला वापरू नका. ५ व्होल्ट तर कुठल्याच पिनला नको.