मदत हवी आहे: पाल्पटिन भारी की नायहिलस?

मंडळी, स्टार वॉर्समधल्या सिथ लोकांच्या (म्हणजे काळ्या बाजूच्या शक्तिशाली खलनायकांच्या) ताकदीची तुलना करायला बसलोय आणि एका जागी पार अडकलोय. पाल्पटिन घ्या, १९८३ च्या सिनेमात बोटांतून वीज सोडून नायक ल्यूकला लोळवतो, २०१९ मध्ये तर त्याच विजेने आकाशातलं आरमार ठप्प करतो, म्हणजे ताकद आहेच, पण मला त्याचं खरं बळ वाटतं ते लपून राहण्यात, जेडाय कौन्सिलच्या (सिथच्या शत्रू योद्ध्यांच्या मंडळाच्या) नाकाखाली इतकी वर्षं बसला आणि कुणाला पत्ता नाही. आता दुसरीकडे डार्थ नायहिलस, २००४ च्या गेममधला. कटार ग्रहावरचं जवळपास सगळं जीवन शोषून घेतलं यानं! पण ती भूक त्यालाच खात होती ना, मग तिला ताकद म्हणायचं का शाप? सिथांपैकी डार्थ व्हेडर माझा सगळ्यात आवडता, पण या दोघांपुढे मागेच पडतो.

अडचण ही की २०१४ ला गेम-पुस्तकांतल्या जुन्या कथा लेजेंड्समध्ये, म्हणजे अधिकृत कथेच्या बाहेर, गेल्या, मग नायहिलस आणि २०१९ चा पाल्पटिन एकाच तराजूत तोलायचे कसे? तुम्ही काय बघता, किती नाश केला ते की समोरासमोर कोण टिकेल ते? कारणासकट सांगा प्लीज.