स्पीडचा काटा अचानक शून्यावर, स्टिअरिंग जड. एबीएस मॉड्युल खरंच गेलं का?

वर्धारोडकर
नमस्कार मंडळी. २०१७ ची डिझेल हॅचबॅक, मागच्या वर्षी सेकंडहँड घेतली. दीड महिन्यापासून एकच रडगाणं सुरू आहे. सकाळी खामल्याहून बुटीबोरीला ड्युटीवर निघतो तेव्हा सगळं ठीक. खापरीच्या पुढं एखादा खड्डा लागला की एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टिअरिंगचे दिवे एकदम पेटतात, काटा धाडकन शून्यावर, स्टिअरिंग दगड. इंजिनाला मात्र काहीच होत नाही, गाडी पळतच असते. पाच मिनिटांनी आपोआप सगळं जागेवर.
सर्व्हिस सेंटरात स्कॅनर लावला, यू०१२१ आणि यू०१३१ हे फॉल्ट कोड निघाले. म्हणे एबीएस मॉड्युल (त्याचा कंट्रोल डबा) बदला, ४२ हजार. मी विचारलं, मग स्टिअरिंग काहून जड होते? तर म्हणे, "सर, तेही त्याच्यामुळंच." पटलं नाही. बदलू का?

जुनावायरमन
भाऊ, पैसे खिशातच ठेव. यू-वाला कोड म्हणजे पार्ट जळाला असं नाही, बोलणं तुटलं असं. यू०१२१ म्हणजे एबीएसकडून काही ऐकू येऊन नाही राहिलं, यू०१३१ म्हणजे पॉवर स्टिअरिंगकडून. आता तक्रार कोण करून राहिलं ते पहा. इंजिनचा ईसीएम (त्याचा कंप्युटर) आणि समोरचा स्पीडचा मीटर असतील, तर ते दोघं बरोबर बोलून राहिले.
काटा पडतो कारण बहुतेक गाड्यांत चाकांचा वेग एबीएस मोजते आणि कॅनच्या तारेवरून (सगळी मॉड्युलं ज्या दोन तारांवर एकमेकांशी बोलतात ती लाइन) मीटरला सांगते. ते गप्प झालं की मीटरनं दाखवावं काय? एवढं सर्व्हिस सेंटरवाल्याचं बरोबर. पण एकटं एबीएस मेलं असतं तर स्टिअरिंग बोलत राहिलं असतं, "मला स्पीड मिळत नाही" म्हणून ओरडलं असतं. इथं तेच गायब आहे. दोन मॉड्युल एका खड्ड्यात मरत नाहीत आणि पाच मिनिटांनी जिवंतही होत नाहीत. दोघांची वाट कुठं एक होते ते शोध. एकच अर्थिंग असेल, नाहीतर एकच जॉइंट.
साधा मल्टिमीटर पुरे. बॅटरीचं निगेटिव्ह काढ, पाच-दहा मिनिटं थांब. तारेत व्होल्टेज असताना ओहम मोजले तर मल्टिमीटर काहीही सांगते. मग ओबीडी सॉकेटच्या (जिथं स्कॅनर लावतात ते) ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये मोज. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर म्हणून ६० आले पाहिजेत. १२० आले तर एक टोक सुटलं. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या.
आणि हो, ६० आले म्हणून मीटर ठेवून देऊ नको. तुझा फॉल्ट खड्ड्यावरचा आहे, उभ्या गाडीत तो शहाण्यासारखाच वागणार. एकानं मीटर धरायचा, दुसऱ्यानं हार्नेस, म्हणजे वायरींचं जुडगं, हलवत जायचं. आकडा उडेल तिथं हात थांबव.

पोट्टा_नंबर_१
माझ्यात सेम कोड होता, मॉड्युल बदललं, काम खतम. कशाला एवढी मगजमारी.

जुनावायरमन
असेल बा. पण जुनं काढून नवं बसवताना त्यांनी कनेक्टर काढून पुन्हा दाबला ना? ती जुनी मॉड्युलं मी पाहिलीत, अर्धीअधिक ठणठणीत निघतात.

हिंगणा_इलेक्ट्रिकल
काका म्हणतात ते बरोबर, फक्त दोन गोष्टी. ओबीडीच्या मागं गेटवे (सॉकेट आणि आतली लाइन वेगळी ठेवणारा डबा) असलेली गाडी असेल तर ६ आणि १४ वर आतली लाइन दिसतच नाही, आधी त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम पहा. आणि कॅनच्या तारेला टेस्ट लॅम्प लावू नका. तिथं सगळा खेळ दीड ते साडेतीन व्होल्टमधला, बल्ब लावला तर लाइनच बसेल. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात नको.

वर्धारोडकर
सापडलं!! डायग्राममध्ये गेटवे नव्हता. रविवारी बायकोला मीटर देऊन समोर बसवलं, मी खाली डोकं घालून एकेक वायर हलवत होतो. ती बसल्या बसल्या मोजत होती, "साठ, साठ, साठ..." क्लचच्या डावीकडं, कार्पेटखालून वर येणाऱ्या जाड जुडग्याला हात लावला आणि ती ओरडली, "अहो, एकशे वीस!" सोडलं, साठ. पुन्हा दाबलं, एकशे वीस.
पॅनल काढलं तर आत पांढरा कनेक्टर. एबीएस आणि स्टिअरिंग दोन्हीकडची लाइन त्यातूनच जाते. उघडला तर एका पिनवर हिरवी भुकटी, मोरचुदासारखी, आणि पिन इतकी बारीक झालेली की नखानं वाकली. पॅनलच्या आतून बोटभर उंचीवर वाळलेल्या मातीची सरळ रेघ.
मग ट्यूब पेटली. आधीचा मालक अंबाझरी लेआउटचा. २३ सप्टेंबर २०२३ ला तलाव ओसंडून तिथं घरात पाणी शिरलं होतं. घेताना मी विचारलंही होतं, तर म्हणे गाडी तेव्हा बाहेरगावी होती. बाप्पा!
आता पिन घासून बसवू?

जुनावायरमन
घासू नको. मुलामा गेला की महिन्याभरात पुन्हा हिरवं होते. समोरच्या अर्ध्यातलीही पिन पहा, जोडी सोबतच सडते. दोन्ही नव्या टाक, नीट क्रिंप करून, म्हणजे तारेवर घट्ट दाबून. कॅनच्या दोन तारांना पीळ असतो, तो लागेल तेवढाच उकल, बाकी तसाच ठेव. अन् पाणी तिथवर आलं होतं तर तेवढ्याच उंचीवरचे अर्थिंगचे बोल्टही खोलून साफ कर.

वर्धारोडकर
दोन्ही पिना बदलल्या. मजुरीसकट ८५०. अर्थिंगचा एक बोल्ट तर पान्याबरोबरच तुटून आला. नऊ दिवस झाले, खापरीचे सगळे खड्डे मुद्दाम घेतले, दिवा नाही. कार्पेटखालचा फोम काढून गच्चीवर झटकला तर मूठभर गाळ निघाला. बायको म्हणते, यात तुळस लावू का.