मदत हवी आहे: टॉनिक इन्हिबिशन घातलं, तरी व्होल्टेज जागचं हलत नाही

नमस्कार मंडळी. मी मूळचा प्रोग्रामिंगवाला, मेंदूच्या विषयात नवखा. टॉनिक इन्हिबिशनवर (न्यूरॉनला सतत थोडं दाबून ठेवणं) सेमिनार द्यायचाय, त्यासाठी न्यूरॉनचं अगदी साधं 'इंटिग्रेट अँड फायर' मॉडेल (करंट साठवत जायचा, ठरावीक व्होल्टेज गाठलं की स्पाइक, म्हणजे विजेचा झटका, सोडून पुन्हा खाली यायचं) लिहिलं आणि तिथेच अडकलोय.

मला कळलंय ते असं. सायनॅप्समध्ये (दोन न्यूरॉनच्या जोडावर) गाबा, म्हणजे दाबणारं रसायन, सुटला की क्षणभर त्याचं प्रमाण प्रचंड वाढतं, समोरचे रिसेप्टर (त्याला ओळखणारी दारं) उघडतात आणि दहा-वीस मिलिसेकंदांत सगळं शांत होतं. हे फेजिक. पण थोडासा गाबा पेशींमधल्या फटींत कायम रेंगाळत असतो. त्या एवढ्याशा गाबालाही दाद देणारे रिसेप्टर सायनॅप्सच्या बाहेर बसलेले असतात (डेल्टा नावाचा उपघटक असलेले, हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात अल्फा-५ वालेही), आणि त्यांच्यातून क्लोराइडची वाट सतत किलकिली राहते. हे टॉनिक. (टॉनिक म्हटल्यावर मला आधी ताकदीचं औषध आठवलं होतं, असो.)

माझे आकडे: रेस्टिंग (पेशी शांत असतानाचं व्होल्टेज) -७० मिलिव्होल्ट, थ्रेशोल्ड (जिथे स्पाइक पडतो) -५०, लीक (पेशीतून करंट गळण्याची वाट, म्हणजे कंडक्टन्स) १० नॅनोसीमेन्स. त्यात टॉनिक म्हणून २.५ नॅनोसीमेन्स वाढवले, क्लोराइडचं रिव्हर्सल (ज्या व्होल्टेजला त्याचा प्रवाह थांबतो) -७०.

व्होल्टेज -७० वरच ढिम्म. मग पेशी दबली कशी म्हणायची? दुसरं म्हणजे, जिथे तिथे 'गेन (इनपुट वाढलं की फायरिंग किती वाढतं, म्हणजे आलेखाचा चढ) कमी होतो' असं वाचतोय. माझा करंट विरुद्ध फायरिंगचा आलेख नुसता उजवीकडे सरकतो, वरच्या भागात चढ तसाच. कोड तीनदा तपासला. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
कोड ठीक आहे, अपेक्षा चुकली. रिकाम्या बादलीच्या बुडाला भोक पाडलं तर पातळी काय बदलणार? नळ सोडा, मग कळेल. रिव्हर्सल आणि रेस्टिंग दोन्ही -७०, म्हणजे क्लोराइडला कुठल्याच बाजूला ओढ नाही. पण भोक तर आहे! तुमच्या पेशीचा रोध १०० मेगाओमवरून ८० वर आला. आधी २०० पिकोअँपिअरमध्ये थ्रेशोल्ड गाठत होती, आता २५० लागतील. याला शंटिंग म्हणतात. दाबणं म्हणजे व्होल्टेज खाली खेचणंच, असं नाही.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. गेनचं उत्तर तुमच्या इनपुटमध्ये आहे. तुम्ही स्थिर करंट देताय ना? जास्त करंटला या मॉडेलचा चढ मुख्यतः कपॅसिटन्स (पेशीची चार्ज साठवण्याची क्षमता) आणि रीसेट (स्पाइकनंतरचं व्होल्टेज) ते थ्रेशोल्ड हे अंतर यांवर ठरतो, लीकचा त्यात फारसा वाटा नसतो. म्हणून जादा ५० पिकोअँपिअरचा 'कर' भरला की पुढे आलेख जवळपास पूर्वीसारखाच, वजाबाकी झाल्यासारखा.

खऱ्या मेंदूत असा गुळगुळीत करंट कोण देतं? सायनॅप्सचे धक्के येतात, कमीजास्त, अनियमित. सरासरी थ्रेशोल्डखाली असतानाही एखादी उसळी वर जाते आणि स्पाइक पडतो. शंटिंग त्या उसळ्याच बुटक्या करतं, त्यामुळे चढ बदलतो. मिचेल आणि सिल्व्हर यांनी २००३ मध्ये सेरेबेलमच्या (लहान मेंदूच्या) ग्रॅन्यूल पेशींत नेमकं हेच दाखवलं. यादृच्छिक उत्तेजक कंडक्टन्स घाला आणि आडव्या अक्षावर त्याचा दर घेऊन बघा.

प्रतिसाद ३
एक सावधगिरी. 'टॉनिक इन्हिबिशन वाढलं म्हणजे मेंदू शांत झाला' असं वाक्य स्लाइडवर टाकू नका, कोणीतरी पकडेलच. थॅलमसच्या (मेंदूतलं संदेश पुढे पाठवणारं केंद्र) रिले पेशींत टॉनिक इन्हिबिशन वाढलं की व्होल्टेज खाली जातं, तिथे टी-टाइप कॅल्शियम चॅनेल पुन्हा उघडण्याजोगे होतात आणि मग पेशी झुंडीने स्पाइक सोडते. ॲब्सेन्स एपिलेप्सीच्या (क्षणभर भान हरपणारी फिट) प्राण्यांमधल्या मॉडेलांत २००९ मध्ये टॉनिक करंट कमी नव्हे, वाढलेला सापडला. गाबा परत उचलणारा गॅट-१ हा वाहक नीट काम करत नव्हता.

आणि 'हे मोजतात कसं' हा प्रश्न येणारच. पेशी व्होल्टेज क्लॅम्पमध्ये धरायची (व्होल्टेज स्थिर ठेवून करंट मोजायचा) आणि बायकुक्युलिनसारखा गाबा रिसेप्टरचा ब्लॉकर सोडायचा. करंटच्या आलेखातले सायनॅप्सचे टोकदार झटके तर जातातच, पण त्यांच्या खालची मूळ रेषाही सरकते आणि तिची थरथर कमी होते. रेषा जेवढी सरकली, तेवढा टॉनिक करंट.

धागाकर्ता
तिघांचेही आभार! यादृच्छिक इनपुट घातलं आणि चढ खरंच लोळला. बादली सेमिनारमध्ये ढापणार आहे.

खोडी म्हणून रिव्हर्सल -६५ करून पाहिलं. रेस्टिंग उलट १ मिलिव्होल्ट वर चढलं, -६९. वाटलं, आता पेशी चेकाळणार. तर थ्रेशोल्डला २३७.५ पिकोअँपिअर लागले, म्हणजे मूळच्या २०० पेक्षा जास्तच. वर चढवूनही दाबतंय हे.