मिलिमीटरची अचूकता कुठून येते?

मोबाइलमधील जीपीएस काही मीटरने चुकत असताना भूपट्टांची (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांची) वर्षाला काही सेंटिमीटरची हालचाल त्याच उपग्रहांवरून कशी मोजता येते, ही शंका रास्त आहे. मोबाइल प्रामुख्याने संकेतातील कोड वाचतो. संशोधनासाठीचा ग्राहक (रिसीव्हर) मात्र सुमारे १९ सेंटिमीटर तरंगलांबीच्या वाहक लहरीची (कोड वाहून आणणाऱ्या मूळ रेडिओ लहरीची) कला, म्हणजे फेज, मोजतो आणि त्या लांबीचा जवळपास शंभरावा भागही त्याला ओळखता येतो. दोन वारंवारतांच्या तुलनेतून आयनांबरामुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) होणारा विलंब जवळजवळ पूर्ण वजा होतो, आणि खडकात रोवलेल्या स्थानकाच्या अनेक वर्षांच्या दैनंदिन नोंदींतून त्याचा वेग ठरतो. (उभ्या दिशेतील अचूकता कमीच राहते, कारण उपग्रह फक्त क्षितिजाच्या वर दिसतात.)

माझ्या मते याहून मूलभूत प्रश्न असा आहे की, सगळेच भूपट्ट सरकत असतील तर स्थिर काय मानायचे? त्यासाठी पृथ्वीचे वस्तुमानकेंद्र आणि अवकाशातील दिशा यांचा आधार घेतात. वस्तुमानकेंद्र १९७६ साली सोडलेल्या लॅजिओससारख्या उपग्रहांवरून परतणाऱ्या लेसर किरणांमुळे निश्चित होते, तर दिशा अतिदूरच्या क्वेसारांवरून (अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रांवरून) ठरतात. याच क्वेसारांच्या रेडिओ लहरी दोन दुर्बिणींपर्यंत पोहोचण्यातील वेळेचा फरक मोजून, अमेरिकेतील वेस्टफर्ड आणि स्वीडनमधील ऑन्सला यांच्यातील अंतर वर्षाला सुमारे १७ मिलिमीटरने वाढत असल्याचे दिसून आले आहे.