उन्हवऱ्याच्या गरम पाण्यावर वीज?

दापोलीकर: उन्हवऱ्याच्या कुंडातलं एवढं कढत पाणी फुकट वाहून जातंय, छोटा टर्बाइन बसवून गावाचे दिवे नाही का लागणार?

बॉयलरवाला: पाणी समजा ७० अंश नि बाहेर ३०, तर कार्नोच्या हिशोबाने (उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघेल त्याचं सूत्र) कमाल १२ टक्के उष्णतेचीच वीज होणार, त्यात पाणी निवत जातं तसं तेही घसरतं, सरासरी ६ च्या आसपास येतं, पंपाची खादाडी वेगळीच. उष्णता भरपूर आहे हो, एक्सर्जी, म्हणजे कामात बदलता येईल असा ऊर्जेचा भाग, नाही.

सड्यावरचा: त्यापेक्षा मे अखेरीस ढग आले की आंबापोळी वाळत नाही, तिथे वापरा की! आणि गिझरचं बघा, चोख वीज जाळून ४५ अंशाचं पाणी काढतो आपण, ९५ टक्क्यांवर एक्सर्जी तिथेच वाया.

दापोलीकर: मग ड्रायरचंच बघू, फणसपोळी पण घालता येईल.